मगरीची एकोणीस पोरं आणि अण्णांची डोण

माझे वडील, म्हणजे अण्णा, डास मारत नाहीत. हातावर डास बसला तर फुंकर मारतात, आणि फुंकरीनं नाहीच उडाला तर म्हणतात, "भूक लागली असंल त्याला." आम्ही सांगलीकडचे जैन. नदीकाठी थोडी उसाची जमीन, आणि घरात पाणी गाळल्याशिवाय चहाचं आधण चढत नाही. अशा घरात मी जनावरांची डॉक्टर निघाले, तीही साताऱ्याकडं वसतिगृहात राहून शिकलेली, आणि तिथल्या डासांनी माझा धर्म पार बुडवला. ती विजेची बॅट अजून माझ्या गादीखाली असते. संध्याकाळी दार लावून मी ती फिरवली आणि तट्‌तट् आवाज झाला की पलीकडच्या खोलीतून अण्णा विचारतात, "अक्का, काय फुटलं गं?" अक्का म्हणजे मीच, घरातली थोरली. मी सांगते, "कुणाच्या तरी वरातीतले फटाके, अण्णा." पितृपक्षातसुद्धा मी वराती काढलेल्या आहेत.

मी ज्या केंद्रात काम करते तिथं मगरीची पिल्लं वाढवतात. नदीकाठी कुठं मगरीची अंडी धोक्यात सापडली की ती उचलून आणायची, उबवायची, पिल्लं जरा मोठी झाली की नदीत सोडायची, असं ते काम. आमच्या शेताच्या बांधाला लागूनच केंद्राचं कुंपण आहे. तिथं कायमची माणसं दोनच, एक मी आणि दुसरे मेजर. मेजर म्हणजे खरे हवालदार, पण आमच्या भागात फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्याला इलाज नाही. हे कऱ्हाडकडचे, घरचा ऊस, भरघोस मिशा आणि तोंडात सतत हुकूम. पिल्लांना ते रंगरूट म्हणतात. सकाळी पिल्लांच्या पाण्याच्या कुंडाशी उभं राहून "हजेरी!" म्हणून ओरडतात आणि मोजतात.

ह्या वेळचे रंगरूट आले ते अण्णांमुळं. उन्हाळ्यात नदीच्या मळीत, म्हणजे काठच्या गाळाच्या रानात, पाइपलाइनसाठी जेसीबी लावला होता, त्याच्या फावड्याखाली अंडी निघाली. बघता बघता माणसं जमली. कुणी म्हणालं, फोडून टाका, उद्या हीच आपली शेळी ओढून नेतील. आता ह्यात खोटं काही नाही, आमच्या नदीत मगरी आहेत आणि त्या काही शाकाहारी नाहीत. पण अण्णा धोतर सावरत त्या खड्ड्याच्या कडेला जाऊन बसले आणि जेसीबीवाल्याला म्हणाले, "आदी माज्यावरनं घाल." त्यानं इंजीन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. मी पोचेपर्यंत अण्णा तिथंच, टोपी अंड्यांवर सावलीला धरून. सगळ्या गावासमोर ते म्हणाले, "ह्यातलं जेवडं जगंल तेवडं मी माज्या हातानं नदीत सोडीन." बावीस अंडी होती, एकोणीस फुटली.

तेव्हापासून अण्णांचा मुक्काम केंद्रात. एकच अडचण होती. मगरीची पोरं मासे खातात. खायला घालायची वेळ झाली की अण्णा कुंडाकडं पाठ करून उभे राहायचे आणि डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणायचे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "अक्का, तू येवडी शिकलीस, ह्यांना उकडलेलं हरबरं चालत न्हाईत का, बघ की जरा." मेजरांनी तिकडं मिशीवर हात धरला, पण खांदे हलत होते ते मला दिसले.

खाण्यात भाग घेता येईना म्हणून अण्णांनी पाण्याचं काम अंगावर घेतलं. आमच्या विहिरीचं पाणी केंद्राच्या हौदात येतं आणि हौदातून कुंडात. पण अण्णांच्या पोरांना अनगळ पाणी कसं चालेल? रोज सकाळी अण्णा दुहेरी धोतराच्या फडक्यातून पोरांचं पाणी गाळायचे. मगरीला गाळलेलं पाणी! वरचे साहेब एकदा आले होते, ते बघतच राहिले. मी म्हटलं, असू दे, म्हाताऱ्याचा वेळ जातो आणि कुंडात घाण कमी जाते. गाळून झाल्यावर ते फडकं घेऊन अण्णा कुठं जातात, हे विचारायचं मला काही सुचलं नाही.

पावसाळा सरला, आश्विनातलं ऊन पडायला लागलं आणि चार पिल्लं बिघडली. आधी खाणं सुटलं. मग पोटाखालच्या कातड्यावर बारीक खळगे दिसायला लागले. त्यातलं एक मान वाकडी करून एकाच जागी गोल गोल पोहायला लागलं, घाण्याच्या बैलासारखं. मेजर म्हणाले, "बाई, ह्ये रंगरूट येडं झालंय." मला हसू आलं नाही. डासांतून पसरणारा एक विषाणू परदेशातल्या मगरींच्या फार्मवर असंच करतो, असं मी वाचलं होतं. वेस्ट नाईल त्याचं नाव. मी सगळ्याच पिल्लांच्या शेपटीच्या शिरेतून रक्त काढलं, बर्फात ठेवलं आणि मिरजेला माझ्या एका वर्गमित्राकडं पोचवलं. त्यानं ते पुढं पाठवलं.

अहवाल आला तो वाईट. आजारी चौघांच्याही रक्तात तो विषाणू होता, बाकीच्या पंधरांत अजून नव्हता.

हे प्रकरण काय आहे ते मला मेजरांना समजावून सांगायचं होतं, कारण रोज कुंडात हात घालणारे तेच. मी म्हटलं, "मेजर, डास म्हणजे एसटी धरा. पक्ष्याला चावला की विषाणू गाडीत चढतो, दुसऱ्याला चावला की तिथं उतरतो. माणूस म्हणजे शेवटचा थांबा. माणसात तो उतरतो, पण माणसाला चावून पुढं गाडी जात नाही, तेवढा विषाणू आपल्या रक्तात साठत नाही."

"आन् मगर?"

"मगरीचं पिल्लू म्हणजे मिरज जंक्शन. तिथं तो उतरतो, वाढतो आणि दुसऱ्या डासात बसून पुन्हा निघतो. कुंडातल्या एकाला झालं की बाकीच्यांना, आणि आपल्याला."

"आपल्याला झालं तर काय हुतंय?"

"बहुतेकांना काहीसुद्धा होत नाही. काहींना ताप, डोकेदुखी, अंगदुखी. पण एखाद्याच्या मेंदूत शिरला तर खेळ खलास. वय झालेल्यांना धोका जास्त."

मेजर सरहद्दीवर राहिलेला माणूस, पण त्या दिवसापासून जरा शिंक आली तरी "बाई, मला नाईल झालाय" म्हणून रजा मागायला लागले. एकदा मीच त्यांना मिरजेच्या दवाखान्यात तपासायला नेलं. सुई बघून ते असे पांढरे पडले की नर्सनं आधी त्यांना पाणी दिलं. निघाला साधा ताप. परतीच्या वाटेवर मला म्हणाले, "गोळीचं भ्या न्हाई वाटत बाई, ती येताना दिसत न्हाई. ही सुई समोरनं येती."

अहवालामागून वरून पत्र आलं. विषाणू माणसांपर्यंत पोचण्याचा धोका लक्षात घेता संपूर्ण तुकडी निकाली काढण्यात यावी, असं त्यात होतं. फाईल निकाली काढतात तसं. मी साहेबांना फोन लावला आणि आवाज चढवला, कारण मला दुसरं काही येत नाही. म्हटलं, आजारी चौघांना मी वेगळं ठेवते, जाळी मारते, पिल्लं आपली आपण त्यातून बरी होतात, फक्त डास थांबवायला हवेत. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, तीन आठवडे. तीन आठवड्यांनी सगळ्यांचं रक्त पुन्हा पाठवायचं. चौघांच्या रक्तातून विषाणू गेला आणि बाकीच्या पंधरांत शिरला नाही, तर ठेवा. एका जरी नव्या पिल्लात सापडला तर मात्र पत्राप्रमाणं करावं लागेल, आणि ते इंजेक्शन तुम्हालाच द्यावं लागेल.

अण्णांना मी पत्रातलं सगळं सांगितलं. त्यांच्यापासून लपवून काही उपयोग नसतो. ते फक्त एवढंच म्हणाले, "मी गावासमोर सबूद दिलाय, अक्का."

मी त्यांना बजावलं, "आता तुम्ही संध्याकाळी इथं यायचं नाही. हे डास तिन्हीसांजेला चावतात आणि तुमचं वय सत्तरीच्या पुढं आहे."

"सकाळी येऊ का?"

"सकाळी या. पूर्ण बाह्यांचा सदरा घालून."

"बरं," म्हणाले. अण्णा 'बरं' म्हणाले की समजावं, हे माझी आई सांगायची, पण काय समजावं ते तिनं कधी सांगितलं नाही.

मग आमचं युद्ध सुरू झालं. कुंडावर जाळ्या आल्या. संध्याकाळी कडुलिंबाचा पाला टाकून धूर. धुराला अण्णांची हरकत नव्हती, कारण धूर डासाला हाकलतो, मारत नाही. पाहुण्याला 'घरी कोणी नाही' म्हणून सांगण्यासारखं ते, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. पुढं मेजर आरोग्य केंद्रातून डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे घेऊन आले आणि मला न विचारता निम्मे कुंडात सोडले. कुंडात मगरीची पोरं! अर्ध्या तासात पाणी साफ. खाणं सुटलेल्या आजारी पिल्लानंसुद्धा दोन मटकावले. मेजर डोकं खाजवत म्हणाले, "कुमक पाठवली, पन आपल्याच मान्सांनी खाल्ली." उरलेले निम्मे मासे हौदात सोडले, ते मात्र तिथं रुजले. हौदातल्या अळ्या चार दिवसांत दिसेनाशा झाल्या. अण्णा हे सगळं लांबून बघत होते आणि काही बोलले नाहीत. मासे अळ्या खाणार आणि अण्णा गप्प? मला तिथंच संशय यायला हवा होता.

हौद साफ, कुंडाला जाळी, गटारात औषध, आणि तरी तिन्हीसांजेला डासांचे थवेच्या थवे. कानाशी गुंई गुंई. मी रोज संध्याकाळी जाळीवर बसलेले डास मोजायचे आणि चिडायचे. एक आठवडा गेला. दुसऱ्या आठवड्यात मेजरांनी फौजी पद्धतीनं केंद्राचे चार भाग पाडले आणि एकेक भाग धुंडाळायला घेतला. टायर नाही, करवंटी नाही, फ्रिजच्या मागचा ट्रे कोरडा. शेवटी एका ठिकाणी अळ्या सापडल्या. शेडच्या मागं एक हेल्मेट उपडं असायच्या ऐवजी उताणं पडलं होतं, त्यात पावसाचं पाणी आणि त्यात वळवळ. हेल्मेट मेजरांचंच होतं. दोन दिवस त्यांनी हजेरी हळू आवाजात घेतली.

पण एका हेल्मेटातून एवढे डास येत नाहीत. कुठंतरी मोठी साठवण होती आणि ती आम्हाला दिसत नव्हती.

रविवारी सकाळी मी जरा लवकर गेले. अण्णा हौदाशी पाणी गाळत होते. माझ्याकडं पाठ होती. हौद आता स्वच्छ असला तरी त्यांचा नेम चुकत नव्हता. गाळून झाल्यावर त्यांनी फडकं अलगद गोळा केलं, एका हातात पितळी कळशी घेतली आणि कुंपणाच्या फटीतून आमच्या शेतात गेले. मी मागोमाग. चिंचेखाली बैलांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण आहे. बैल जाऊन बरीच वर्षं झाली, ती डोण आमच्या डोक्यातूनही गेली होती. अण्णांनी तिच्यावरचा गोणपाट बाजूला केला, खाली बसले, फडकं उलटं करून डोणीवर धरलं आणि वरून गाळलेल्या पाण्याची बारीक धार सोडली. फडक्याला चिकटलेलं जे काही असेल ते पाण्यात उतरावं म्हणून. मग डोणीतलं पाणी कमी झालं होतं ते कळशीनं भरलं आणि गोणपाट पुन्हा नीट पांघरला.

मी जाऊन गोणपाट ओढला. पाणी काळं दिसत होतं, इतक्या अळ्या. लाखांनी. वरखाली, वरखाली. आमची सावली पडली तशा सगळ्या एकदम तळाला गेल्या.

"अण्णा, हे काय आहे?"

"जीव हाईत," अण्णा म्हणाले.

आता ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. लहानपणी मीच केलेली आहे. पाणी गाळलं की गाळण्यात राहिलेले जीव फेकायचे नसतात, ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत सोडायचे. आई विहिरीतलं विहिरीत सोडायची, मोठ्या काळजीनं. मी विचारलं, "हौदातलं हौदात का नाही सोडलंत?"

"आदी हौदातलं पानी कुंडात पोरांपुढं जायचं, आन् आता तर हौदातच तुमी मासे सोडले. माज्या हातानं त्येंच्या तोंडात घालू?" अण्णांचा आवाज शांत होता. "म्हनून पावसाळ्यापास्नं ह्यांना इकडं आनतोय. सावली हाय, पानी हाय. मी रोज भर घालतो. तुमच्या कामात अडथळा न्हाई आन् ह्यांचंबी भलं."

म्हणजे माझ्या वडिलांनी डासांचा पांजरपोळ उघडला होता! हौदातून वाचवलेल्या मूठभर अळ्या होत्या, त्यांचे डास झाले, त्यांनी तिथंच अंडी घातली, आणि चिंचेच्या गार सावलीत, रोजच्या ताज्या पाण्यावर, गोणपाटाच्या पांघरुणाखाली पिढ्यांमागून पिढ्या सुखानं नांदत होत्या. आणि कुंड तिथून चाळीस पावलांवर.

मी भडकले. खूप भडकले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "तुम्ही ज्यांना पोरं म्हणता त्यांनाच हे चावतात, अण्णा. रोज संध्याकाळी इथून उठतात आणि तिथं जाऊन बसतात. चार आजारी पडली ती ह्यांच्यामुळं. पंधरा राहिलीत, त्यातलं एक जरी आजारी पडलं तरी एकोणीसच्या एकोणीस मला माझ्या हातानं मारावी लागतील. आणि उद्या तुमच्याच डोक्यात ताप चढला तर मी कुणाच्या नावानं रडू?"

आरडाओरडा ऐकून मेजर धावत आले होते. त्यांनी डोणीत बघितलं आणि "आयला!" म्हणून कपाळावर हात मारला.

अण्णा डोणीच्या काठावर टेकले. "ह्येच डास?" त्यांनी विचारलं.

"हेच."

"नक्की?"

"अण्णा, दुसरे कुठून येणार?"

त्यांनी वाकून डोणीतल्या पाण्याकडं बघितलं. मग म्हणाले, "नदीत नेऊन सोडलं तर?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं, दोन घागरी भरून नदीवर नेल्या असत्या, म्हातारा सुखानं घरी गेला असता. पण तोंडातून निघेना. मी म्हटलं, "नदीत मासे खातील. आणि डबक्यात सोडलं तर चार दिवसांत डास होऊन गावाला चावतील. हे कुठंही नेले तरी तेच."

मेजर म्हणाले, "आवं अण्णा, तुमी व्हा बाजूला. मी एका लाथंत आडवी करतो. पाप माज्या खात्यात. तिथं आदीच गर्दी हाय, आनखी चार जीव गेल्यानं काय फरक पडत न्हाई."

"न्हाई मेजर," अण्णा उठले. "पाळलं मी, तवा निस्तरायचं बी मीच. तुमी दोगं जावा."

आम्ही गेलो नाही. कुंपणामागं उभे राहिलो. अण्णांनी गोणपाटाची घडी घातली. डोणीसमोर हात जोडून काही म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. मग धोतर वर खोचलं आणि वाकून तळाच्या भोकातला बोळा ओढला. पाणी तापलेल्या मातीत पसरलं. मला वाटलं, आता वळतील, घरी जातील. ते तिथंच उभे राहिले. ऊन चढत गेलं, ओल कमी कमी होत गेली आणि अण्णा एकटक मातीकडं बघत होते. मासे खायला घालताना पाठ फिरवणारा माणूस ह्या वेळी वळला नाही. मला इतका राग आला होता तो कुठं गेला कळलं नाही, मी पदरानं डोळे पुसत होते आणि शेजारी मेजर उगाचच कुंपणाची तार तपासत होते.

दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे अण्णांनी एकाशन धरलं, दिवसातून एकदाच जेवायचं. मी विचारलं किती दिवस, तर म्हणाले, "बघू." मी समजले, अहवाल येईपर्यंत, पोरांसाठी.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी जुन्या धोतरांचं गाठोडं काढलं आणि गावभर हिंडायला लागले. ज्याच्या दारात पाण्याचं पिंप उघडं, त्या पिंपाच्या तोंडाला फडकं बांधायचं. त्यांनी हिशोब मांडला होता, "जल्मालाच आला न्हाई तर मारायचा सवालच येत न्हाई." चार दिवसांत आमच्या गल्लीतल्या एकूण एक पिंपाला धोतर नेसवून झालं. एका बाईनं विचारलं, "आवं अण्णा, तुमाला नेसायला काय उरलं का न्हाई?" अण्णा म्हणाले, "अंगावरचं एक हाय, त्येच्यावर डोळा ठिवू नगंस." मेजरांनीही आपलं हेल्मेट धुऊन, पुसून खुंटीला उपडं टांगलं. आणि मी? बॅट वापरायची वेळच कमी यायला लागली. जाळीवर बसणारे डास एका आठवड्यात इतके घटले की मला मोजायला कंटाळा येईना.

तीन आठवडे भरले. मी एकोणिसांचं रक्त काढलं. वाकड्या मानेचं पिल्लू आता सरळ पोहत होतं आणि रक्त काढताना मला चावायला धावलं, तेव्हा मी त्याचा मुकाच घेणार होते. नळ्या मिरजेला गेल्या. मग वाट बघणं आलं, आणि ते मला जमत नाही. मी दिवसातून चार वेळा वर्गमित्राला फोन करायचे. शेवटी तो म्हणाला, "तू फोन केलास म्हणून विषाणू घाबरून जाणार आहे का? ठेव फोन." इंजेक्शनची बाटली कपाटात होती. मी त्या कपाटाकडं बघायचं टाळायचे. अण्णा सकाळी येत, पाणी गाळत, फडक्यात आता काही सापडत नसे, तरी उजेडात धरून शिवण शिवण बघत आणि कोरडं करून खांद्यावर टाकत. ते बारीक झाले होते. मी रोज भांडायचे, ते रोज एकदाच जेवायचे.

फोन आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. वर्गमित्र म्हणाला, "चौघांच्या रक्तात आता विषाणू नाही. पंधराजण पहिल्यापासून स्वच्छ." मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. मग साहेबांना फोन केला, साहेब म्हणाले, "ठेवा तुमची पोरं. अंगानं भरली की सोडा नदीत." मी फोन ठेवला आणि मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण कुंडातली एकोणीसच्या एकोणीस पाण्याखाली गेली.

मेजरांनी गाडी काढली आणि तासाभरात कंदी पेढे घेऊन आले, साताऱ्याचेच, दुसरे ते पेढे मानतच नाहीत. आम्ही दोघं अण्णांकडं गेलो. ते ओसरीवर बसले होते. सूर्य मावळायला, म्हणजे आमच्यातली खायची वेळ सरायला, अजून अवकाश होता.

"अण्णा, पोरं वाचली!" मेजर दारातूनच गरजले. "सगळी! आता तुमच्या हातानं नदीत सोडायची. करा तोंड गोड, संपला तुमचा उपास."

अण्णांनी हात जोडले. डोळे भरून आले त्यांचे. "लय झ्याक झालं," दोनदा म्हणाले. पेढा हातात घेतला, कपाळाला लावला आणि परत खोक्यात ठेवला.

"आता काय?" मी म्हटलं. माझा आवाज पुन्हा चढला होता. "अण्णा, पोरांसाठी धरलं होतंत ना एकाशन? वाचली की ती."

"पोरांसाठी न्हवतं गं ते," अण्णा म्हणाले. "डोणीतल्यांसाठी हाय. एका जिवाला एक दिस."

मेजरांचा हात मिशीशी थांबला. मी विचारलं, "मग किती दिवस चालायचं हे?"

अण्णांनी बोटांची पेरं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली.

"काय सांगू, अक्का," ते म्हणाले, "मी त्यांना मोजलंच न्हवतं."